पाण्याच्या दिवशी चालणारा कॉम्प्युटर

कॉम्प्युटर अचानक बंद पडला की लोक आधी माणूस शोधतात. "कोण बसलं होतं?" हा पहिला प्रश्न. "काय झालं होतं?" हा प्रश्न फार उशिरा येतो, आणि बहुतेक वेळा तो मलाच विचारावा लागतो.

नांदेडला बाजारात एका जिन्याखाली माझं दुरुस्तीचं दुकान आहे. आत येणारा माणूस मला बघतो, मग माझ्या मागे बघतो.

"ताई, दुरुस्तीवाले भाऊ कुठायत?"

"मीच ते भाऊ," मी म्हणते. "ठेवा टेबलावर."

काही जण ठेवतात. काही जण "मग येतो" म्हणून जातात आणि बाजार फिरून, दमून परत येतात. मी त्यांना काही बोलत नाही. पूर्वी बोलायचे. आमच्या घरी बोलण्याचीच सवय होती. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आजोबांनी घरातले देव गोदावरीत सोडले. रिकाम्या झालेल्या कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे आले. बाबा रेल्वेत नोकरी करायचे आणि सुट्टीच्या दिवशी ती पत्रकं वाटायचे. मी बाराखडीनंतर थेट पत्रकंच वाचली. त्यातलं भानामतीवरचं पत्रक मला तोंडपाठ होतं. घरात कपडे आपोआप पेटतात, ताटात खडे पडतात आणि गाव एखाद्या बाईकडे बोट दाखवतं. असल्या गोष्टी आमच्या मराठवाड्यात फार. पत्रकाच्या शेवटी मोठ्या अक्षरात असायचं, "कारण शोधा!" कारण कसं शोधायचं, ते मात्र त्यात नसायचं. ते मला नंतर स्क्रू-ड्रायव्हरनं शिकवलं.

ज्यांनी कॉम्प्युटर कधी उघडलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. भिंतीतल्या बोर्डातून येणारी वीज कॉम्प्युटरला जशीच्या तशी चालत नाही. कॅबिनेटच्या मागच्या कोपऱ्यात पंखा बसवलेला पत्र्याचा डबा असतो, त्याला आम्ही एसएमपीएस म्हणतो. पंगतीत वाढणाऱ्या शहाण्या बाईसारखं त्याचं काम: ज्याला जेवढं पचतं तेवढंच पानात. कुणाला बारा व्होल्ट, कुणाला पाच, कुणाला त्याहून कमी. आणि हा डबा भित्रा असतो. आत काही वावगं दिसलं, मागून येणारी वीज कमी पडली, की तो सगळं सोडून गप्प बसतो. तुम्ही म्हणता कॉम्प्युटर बिघडला. खरं तर त्यानं कॉम्प्युटर वाचवलेला असतो.

म्हणून अचानक बंद पडणं हे तापासारखं असतं. ताप हा रोग नव्हे. तो कशानं आलाय ते बघावं लागतं. एका कापड दुकानदाराच्या बायकोनं कॅबिनेटला धूळ लागू नये म्हणून क्रोशाचं सुंदर झाकण विणलं होतं. झालरीसकट. त्यात ते मशीन उन्हाळाभर घुसमटून बंद पडायचं. झाकण काढा म्हटल्यावर दुकानदार मालकीणबाईंकडं बघून इतका घाबरला की मीच झालरीचं कौतुक करून ते झाकण टीव्हीवर घालायला सुचवलं. आणखी एकाच्या एसएमपीएसमध्ये पालीनं संसार थाटलेला होता. डबा मेला की जिवंत ते बघायला सोपी रीत आहे: भिंतीतली पिन काढायची, डबा मशीनपासून सोडवायचा, त्याच्या मोठ्या जोडातली हिरवी वायर काळीला तारेच्या तुकड्यानं जोडायची आणि मग पिन लावायची. पंखा फिरला तर डबा जिवंत. पण जिवंत म्हणजे धडधाकट नव्हे. ओझं पडल्यावर कोण टिकतं ते माणसाचंही तेव्हाच कळतं, डब्याचंही.

हे सगळं ठाऊक असूनही उदगीरच्या एका मशीननं मला वेडं करायची वेळ आणली.

ते मशीन बिरादार मामांचं. उदगीरला घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं ऑनलाइन अर्ज भरायचं सेंटर आहे. भरतीचे अर्ज, शिष्यवृत्तीचे अर्ज, दाखले, पीकविमा. मामा कॅबिनेट चादरीत गुंडाळून, एसटीत मांडीवर घेऊन नांदेडला आले होते, आजारी नातवाला आणावं तसे. "चालू चालू बंद पडतंय," म्हणाले. "पोरांचा अर्ज निम्मा भरलेला आसतोय आन् खटका पडल्यावानी अंधार."

मी ते टेबलावर लावलं. दिवसभर चाललं. त्याच्याकडून जड कामं करून घेतली, तरी चाललं. एसएमपीएसमधली दोन-चार भांडी फुगलेली दिसली, म्हणजे आतले वीज साठवणारे कपॅसिटर. तेव्हा डबाच नवा बसवून दिला. मामा खूश होऊन गेले, आणि थोड्याच दिवसांत चादरीसकट परत आले. पुन्हा तेच. माझ्या टेबलावर ते पुन्हा शहाण्यासारखं चाललं.

दवाखान्यात ठणठणीत आणि घरी गेला की आजारी, असा पेशंट असला तर रोग घरात असतो. हे मी बोलणार तोच मामा म्हणाले, "म्याडम, मशीनीत काय न्हाई. काय हाय ते मला ठाव हाय."

"काय आहे?"

"आमच्याकडं पोरगी बसती ना, रेखा. ती बसली की बंद. ती सुट्टीवर आसली की मी सोता बसतो, दिवसभर टकाटक. पोरगी हुशार हाय, टायपिंग तर आसं की बगत ऱ्हावं. पर तिच्या हाताला मशीन टिकत न्हाई. आता दुसरं पोरगं बघितलंय. सोमवारपासून येतंय."

"मामा, मशीनला माणूस ओळखू येत नाही."

"मंग ती नसल्यावर कसं चालतंय? सांगा की."

मामा खोटं बोलत नव्हते, ही माझी खरी अडचण होती. खोटं असतं तर मला भांडता आलं असतं. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं होतं: रेखा आहे, मशीन बंद, रेखा नाही, मशीन चालू. एकदा नाही, सारखं. भानामतीच्या पत्रकात हे कुठं लिहिलेलं नव्हतं, की समोरचा माणूस जे पाहतो ते अगदी खरं असू शकतं आणि त्यावरून काढलेलं अनुमान तरीही एखाद्या पोरीच्या पोटावर पाय देणारं असू शकतं. मी चिडले होते, पण त्याहून जास्त मला कुतूहल वाटत होतं. का? ती नसताना का?

"मी येते उदगीरला," मी म्हणाले. "तोवर त्या पोराला होय म्हणू नका."

"सोमवारच्या आत या," मामा म्हणाले.

शनिवारी सकाळच्या एसटीनं मुखेडमार्गे गेले. वाटेत मी एक भाषण तयार केलं होतं. पायगुण, हातगुण, पांढऱ्या पायाची बाई असं सगळं त्यात होतं, आणि ते चांगलं जमलं होतं. सेंटरच्या उंबऱ्यावर पाय ठेवते तोच मामांनी हात वर केला.

"चपला भायेर, म्याडम. लक्ष्मी हाय ती."

कॅबिनेटला हळदकुंकू लावलेलं होतं. त्याच्यासमोर लाकडी खुर्चीवर रेखा बसली होती, माझ्याच वयाची. पाय शहाबादी फरशीला न टेकवता तिनं ते खुर्चीच्या आडव्या दांडीवर घेतले होते. मामा चहा सांगायला आत गेले. मी रेखाला म्हणाले, "तू घाबरू नकोस. मी यांना आज चांगलं ऐकवणार आहे."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "ताई, तुम्ही कुठल्या?"

मी सांगितलं, आजोबांच्या दीक्षेसकट. तिनं मान हलवली. "मग आमच्या घरात जे, तेच तुमच्या घरात. भाषण मी लहानपणापासनं ऐकून राहिले. तुम्ही भाषण करून जाल नांदेडला, आणि सोमवारी मी घरी बसेन. आईची गोळ्या-औषधं माझ्यावर हायत. मशीन कशानं बंद पडतंय तेवढं सांगा."

भाषण तिथंच संपलं.

मी मामांनाच खुर्चीवर बसवलं. मामा ऐटीत बसले, चष्मा लावला, एका बोटानं काहीतरी टाइप करू लागले. मशीन चालू होतं. आतल्या खोलीत मामींनी कपड्यांना इस्त्री लावली. थोड्या वेळानं पडदा काळा झाला. मामांचं बोट हवेतच राहिलं.

"आता कोण बसलं होतं, मामा?"

मामांनी मागे वळून पाहिलं. "ती दारात हुबी हाय की!"

रेखा खरंच दारात उभी होती. तिला हसू आलं आणि तिनं तोंडावर ओढणी धरली. मी मात्र हसले नाही. मला एकदम उमगलं, की मामांच्या समजुतीला कितीही पुरावे दिले तरी ती एक पाऊल मागे सरकून उभी राहणार. तिला हरवायचं नसतं. खरं कारण तिच्या शेजारी आणून ठेवायचं असतं.

मीटर काढलं. बोर्डातली वीज मोजली, तर कमी भरली. मामींना म्हटलं, इस्त्री बंद करा. आकडा वर गेला. पुन्हा लावा म्हटलं. आकडा धाडकन खाली. इतका खाली, की आमच्या भित्र्या डब्यानं हातपाय गाळावेत.

"मामा, याला यूपीएस नव्हता का? बॅटरीचा डबा?"

"होता की. लई वरडायचा. सारखं टीं टीं टीं. गिऱ्हाईक बेजार. माळ्यावर टाकला."

वीज कमी पडली की यूपीएस ओरडतोच. म्हणजे घरात खरं बोलणारा एकच होता आणि तो माळ्यावर गेला होता. कॅबिनेट उघडावं म्हणून मी पत्र्याला हात लावला आणि तळहातापासून कोपरापर्यंत मुंग्या गेल्या. मी हात काढून घेतला. अनवाणी होते मीही. टेस्टर पत्र्याला टेकवला, आतला दिवा लागला. मान वर करून पाहिलं तर रेखा माझ्या हाताकडं बघत होती, आणि मी बघितल्यावर तिनं नजर खाली घेतली. मग मला त्या खुर्चीच्या दांडीवरचे तिचे पाय आठवले.

त्या वेळी मी तिला ते विचारलं नाही. दुसरंच विचारलं. "रेखा, तू सुट्टी कधी घेतेस?"

"सुट्टी कुठली? पाण्याच्या दिवशी तेवढी. नळ येतो तेव्हा घरात भरायला कुणी नाही, आईचे गुडघे गेलेत. मामांना सांगूनच राहते."

"मामी," मी आत हाक मारली, "तुमच्याकडं पाणी कधी येतं?"

"तवाच येतंय, हिच्याकडं येतंय तवा," मामी इस्त्री हातात घेऊनच बाहेर आल्या. "एकच लाइन हाय."

"त्या दिवशी तुम्ही काय करता?"

"ऐका! काय करता म्हणजे? डोंगराएवढं धुणं पडलेलं आसतंय. सगळं त्याच दिवशी."

"कुठं धुता?"

मामींनी मला येडी ठरवल्यासारखं बघितलं आणि परसात नेलं. धुण्याचा दगड भिंतीलगत होता. त्याला लागूनच जमिनीत लोखंडी सळई ठोकलेली, आणि तिच्यापासून एक जाड वायर भिंतीवरून घरात गेलेली. दगडाभोवतीची माती भेगाळली होती. पाणी येऊन बरेच दिवस झाले होते.

मी मीटरच्या पेटीपाशी जाऊन झाकण उघडलं आणि मामांना विचारलं, "ही जोडणी कधी केली?"

मामांनी सांगितलं ते असं. उन्हाळ्यात मोठा वारा सुटला होता, त्यात खांबावरून येणारी एक तार तुटली. घरात फेज होता, म्हणजे वीज आत येत होती, पण दिवा लागेना. वायरमन आला, म्हणाला खांबावरचं काम करायला वेळ लागेल, तोवर तात्पुरतं करून देतो. त्यानं ती सळई ठोकली आणि दिवे लागले. तात्पुरतं ते तसंच राहिलं. आमच्याकडं तात्पुरत्या गोष्टींना मोठं आयुष्य असतं.

"म्हणला होता, तिथं पाणी घालत जा," मामा म्हणाले.

"घालतंय कोण!" मामी म्हणाल्या. "प्यायला पाणी न्हाई आन् जमिनीला पाजू?"

विजेला घरात यायला जशी वाट लागते तशी परत जायलाही लागते. परतीच्या तारेला न्यूट्रल म्हणतात. मामांच्या घराची ती तार तुटली होती आणि घरातली सगळी वीज त्या सळईतून, मातीतून परत जात होती. माती ओली असेल तेव्हा वाट मोकळी. माती वाळली की वाट चिंचोळी, आणि इस्त्री किंवा फ्रिज लागला की कोंडी. कोंडी झाली की कॉम्प्युटरला वीज कमी पडते आणि डबा गप्प बसतो. पाण्याच्या दिवशी मामी धुणं धुवायच्या, साबणाचं पाणी सळईला मुरायचं, आणि मशीन टकाटक चालायचं. त्याच दिवशी रेखा तिच्या घरी घागरी भरत असायची.

मी हे सांगितलं. ऐकून कुणाला पटतं? मी मामींना बादलीभर पाणी मागितलं.

"न्हाई द्यायची," मामी म्हणाल्या.

"भांड्यांचं खरकटं पाणी चालेल."

ते त्यांनी संडासासाठी साठवून ठेवलेलं होतं. तेही त्यांनी मोठ्या जड मनानं दिलं. सळईभोवती ओतलं, भेगांनी ते घटाघट पिऊन टाकलं. मग इस्त्री लावली, फ्रिजही चालू ठेवला आणि मामांना पुन्हा खुर्चीवर बसवलं. आकडा बऱ्यापैकी वर राहिला. मशीन चालत राहिलं. मी रेखाला बोलावून मामांच्या खांद्याशी उभं केलं, मग माऊसवर तिचा हात ठेवायला लावला. मशीन चालतच होतं.

"अय्यो," मामा हळूच म्हणाले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हंजे रोज एक बादली वतायची. संपलं की! सोमवारी शेवटची तारीख हाय भरतीची, लई गर्दी."

"संपलं नाही," मी म्हणाले आणि बोर्डातून पिन उपटली.

"आवो!"

"मामा, हा पत्रा अर्थिंगच्या वायरीनं त्याच सळईला जोडलेला आहे. कोंडी झाली की वीज पत्र्यावर येते. आज मुंग्या आल्या. उद्या फरशी पुसलेली असली, पाय ओला असला, तर माणूस जाईल. न्यूट्रल नीट जोडल्याशिवाय मी हे चालू करणार नाही."

"सोमवारी पोरं दारात बसतील! तुमाला काय, तुमी नांदेडला."

त्यावर माझ्याकडं उत्तर होतं, पण ते मला द्यावं लागलं नाही. रेखा बोलली, अगदी हळू. "मीही बसणार नाही, मामा. ते नीट होईपर्यंत."

मामांनी तिच्याकडं पाहिलं. मग खाली, तिच्या पायांकडं. ती आताही टाचा उचलून उभी होती, सवयीनं.

"तुलाबी लागतंय?"

"हाव."

"कवापासनं?"

"वाऱ्यापासनं."

"म्हनून पाय वर करून बसतीस? मी म्हनलं, काय ही बसायची रीत." मामांनी चष्मा काढला. "आगं मंग सांगायचं न्हाई व्हय?"

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हणले असता, मशीनलाबी ही नको हाय."

मामींनी इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली. मामा उठले, बाहेर ओट्यावर गेले आणि फोनवर कुणाशी तरी बोलले. आम्हाला एवढंच ऐकू आलं, "न्हाई, सोमवारी येऊ नको. न्हाई, न्हाई, पोरगी हाय आमची." मग त्यांनी वायरमनला फोन लावला आणि त्याच्याशी जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

खांबावरची तार रविवारी जोडली गेली. वायरमननं न्यूट्रल सळईपासून तोडला, सळई फक्त अर्थिंगला ठेवली. माझ्या सांगण्यावरून यूपीएस माळ्यावरून खाली आला आणि रेखानं फोन करून कळवलं, की तो आता अजिबात ओरडत नाही. सोमवारी ती दिवसभर बसली. मशीन एकदाही बंद पडलं नाही.

पुढं मामांनी दुसरं मशीन घेतलं, ते बसवायला मी उदगीरला गेले. दाराबाहेर पोरांच्या चपलांचा ढीग होता. मीही काढल्या. आत रेखा खुर्चीवर बसली होती, दोन्ही पाय फरशीवर टेकवून, आणि तिच्या पायांत चपला होत्या. निळ्या पट्ट्याच्या, स्वच्छ. कॅबिनेटला हळदकुंकू तसंच होतं.

एक म्हातारे शेतकरी तिचे पाय बघून मामांना म्हणाले, "आमाला चपला काढाय लावता आन् हिला?"

"तिला करंट लागला होता," मामा म्हणाले. "मशीनीवर बसणाराच्या पायांत चपला पायजेत. नियम हाय."

मी दोन्ही कॅबिनेटना टेस्टर लावून पाहिला. कामाची रीतच आहे ती. दिवा लागला नाही. सळई आता फक्त अर्थिंगची होती, परतीची वाट नीट होती, पत्र्यावर काही येत नव्हतं. अनवाणी बसलं तरी चाललं असतं. 'कारण शोधा' वाचत वाढलेल्या माणसानं हे लगेच बोलून दाखवायला पाहिजे होतं.

रेखा टाइप करायची थांबून माझ्याकडं बघत होती.

"काय म्हनतंय टेस्टर?" मामांनी विचारलं.

"चपला राहू द्या," मी म्हणाले आणि टेस्टर पिशवीत टाकला.